पोस्टग्रेसमध्ये सुरक्षा लेबलांचा कॅशे: कामाच्या नोंदी

१४ जुलै २०२५, सोमवार

काम कशाचं ते आधी. पॅथॉलॉजी लॅबच्या एका साखळीचा रिपोर्टचा डेटाबेस आमच्याकडे आहे, पोस्टग्रेस १६ (डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर) वर. एचआयव्हीच्या निकालाची गोपनीयता २०१७ च्या कायद्याने बांधून दिलेली, त्यामुळे रिपोर्टच्या टेबलवर आणि त्यातल्या नाजूक कॉलमांवर 'सिक्युरिटी लेबल' कमांडने ० ते ३ अशी पातळी लावली आहे. ती तपासणारं सी भाषेतलं मॉड्यूल आमचंच. नुसत्या ग्रँटवर (पोस्टग्रेसच्या नेहमीच्या परवानग्यांवर) भागलं नसतं, कारण टेबलचा मालक असलेल्या युजरलाही ते कॉलम दिसता कामा नयेत अशी ग्राहकाची अट आहे.

तक्रार अशी की सकाळी साडेआठनंतर, कलेक्शन सेंटरवरून नोंदी सुरू झाल्या की, रिपोर्टची स्क्रीन रेंगाळते. मॉड्यूल काढून चाचणी घेतली तर स्क्रीन पळते. म्हणजे खापर आमच्याच डोक्यावर.

कुठे वेळ जातो हे शोधायला कोडला हात लावावा लागला नाही. 'पीजी_स्टॅट_सिस_इंडेक्सेस' या व्ह्यूमध्ये 'पीजी_सेकलेबल_ऑब्जेक्ट_इंडेक्स' या लेबलं शोधायच्या इंडेक्ससमोरचा स्कॅनचा आकडा क्वेरीआधी पाहिला, क्वेरीनंतर पुन्हा पाहिला. (आकडा तत्काळ हलत नाही, सेकंदभर थांबून बघा.) फरक ६३. टेबलला ६२ कॉलम आहेत. ॲपमधलं ओआरएम (ॲपसाठी क्वेरी आपोआप लिहिणारी लायब्ररी) दरवेळी सगळेच्या सगळे मागतं, म्हणून ६२ कॉलमांची लेबलं आणि एक टेबलचं. प्रायमरी कीवरून एकच ओळ आणायची, आणि ती द्यावी की नाही हे ठरवायला इंडेक्समध्ये ६३ फेऱ्या.

टेबल, कॉलम, फंक्शन यांची माहिती पोस्टग्रेस प्रत्येक प्रोसेसच्या सिस्कॅशेत (एकदा वाचलेलं पुन्हा शोधावं लागू नये म्हणून हाताशी ठेवायची जागा) धरून ठेवतं. लेबलं ज्यात असतात त्या 'पीजी_सेकलेबल' या कॅटलॉगसाठी (कॅटलॉग म्हणजे पोस्टग्रेसचं स्वतःच्या नोंदींचं टेबल) असा सिस्कॅशे नाहीच. 'गेटसिक्युरिटीलेबल' हे फंक्शन प्रत्येक वेळी थेट कॅटलॉग उघडतं.

१६ जुलै

स्वतःचं काही लिहिण्याआधी 'एसई-पीजीएसक्यूएल' हे पोस्टग्रेससोबतच येणारं मॉड्यूल वाचलं. ९.१ पासून आहे. ९.२ मध्ये त्यात कॅशे आला: ५१२ कप्पे, नोंदी ३८४ च्या पुढे गेल्या की जुन्यांची झाडलोट.

वाचताना ध्यानात आलं की तो कॅशे वेगळ्याच गोष्टीचा आहे. तिथे 'या लेबलवाल्याला त्या लेबलच्या वस्तूवर काय काय करता येईल' याचं उत्तर साठवलंय. ते उत्तर लिनक्सच्या कर्नलकडून, एसई-लिनक्सला विचारून आणावं लागतं, म्हणून महाग. पण कॉलमचं लेबल कुठलं हे तिथेही दरवेळी 'गेटसिक्युरिटीलेबल'लाच विचारतात. आमचं बरोबर उलटं आहे. निर्णय म्हणजे दोन आकड्यांची (युजरची पातळी आणि लेबलची पातळी) तुलना, फुकटात होते. महाग आहे ते लेबल शोधणं.

तेव्हा ठरलं ते असं: लेबल साठवायचं, निर्णय साठवायचा नाही. सोसायटीच्या वॉचमनने कुठला फ्लॅट कोणाचा हे पाठ करावं, पण काल एकाला वर सोडलं म्हणून आज त्याच्याबरोबर आलेल्यालाही सोडू नये. निर्णय साठवला असता तर 'सेट रोल' करून युजर बदलला की आधीच्या युजरचं उत्तर नव्याला मिळण्याची भीती होती, नाहीतर की-मध्ये युजरची पातळीही घालावी लागली असती. लेबल काही विचारणाऱ्यावर अवलंबून नसतं.

१८ जुलै

पहिली आवृत्ती. पोस्टग्रेसचंच डायनाहॅश (की दिली की तिची किंमत देणारं हॅश टेबल) वापरलं. की-मध्ये कॅटलॉगचा ओआयडी (पोस्टग्रेसचा अंतर्गत ओळख क्रमांक), वस्तूचा ओआयडी आणि कॉलम क्रमांक. किंमत म्हणून लेबलची स्ट्रिंग.

दोन गोष्टी लगेच आपटल्या. स्ट्रिंग क्वेरीच्या मेमरी कॉन्टेक्स्टमध्येच राहिली होती. क्वेरी संपली, मेमरी परत गेली, हॅशमधला पॉइंटर हवेत. ॲसर्ट (कोडमधल्या जास्तीच्या तपासण्या) चालू असलेल्या बिल्डवर परत केलेली मेमरी ०एक्स७एफ या बाइटने भरली जाते, त्यामुळे दुसऱ्याच क्वेरीला लेबलच्या जागी कचरा दिसला आणि दोष उघडा पडला. साध्या बिल्डवर तेच कोड सुरळीत चालत होतं, ही खरी धडकी भरवणारी गोष्ट. असं काम ॲसर्टशिवायच्या बिल्डवर करायचंच नाही. स्ट्रिंग काढून टाकली. शोधतानाच पातळीचा आकडा करायचा आणि तोच ठेवायचा. पॉइंटर नाही, कटकट नाही.

दुसरी: स्कॅनचा आकडा अजूनही दर क्वेरीमागे ५३ ने वाढत होता. ६२ पैकी ९ च कॉलमांना स्वतःचं लेबल आहे, बाकीचे टेबलची पातळी घेतात. 'लेबल सापडलं नाही' हे उत्तर मी साठवतच नव्हतो, त्यामुळे उरलेले ५३ दरवेळी नव्याने शोधले जात होते. नसल्याची नोंद ठेवणं असल्याच्या नोंदीइतकंच गरजेचं. आमच्याकडे तर जास्तच. उणे १ म्हणजे 'लेबल नाही' असं धरलं.

२२ जुलै

शनिवार-रविवार एका विचित्र प्रकाराने खाल्ला. कॅशे कधी लागायचा, कधी नाही. हॅशमधल्या नोंदी छापून बघितल्या तर एकाच कॉलमच्या चार-चार नोंदी, ओआयडी तेच, क्रमांक तोच.

कॉलम क्रमांक दोन बाइटचा असतो, म्हणून की-च्या स्ट्रक्चरमध्ये तो तसाच घेतला होता. ४ अधिक ४ अधिक २ म्हणजे १० बाइट. कंपायलरने ते १२ केले. शेवटच्या दोन बाइटमध्ये स्टॅकवर जे पडलं असेल ते. 'हॅश_ब्लॉब्स' दिलं की डायनाहॅश आख्खे १२ बाइट बघतं. त्यामुळे दिसायला सारखी की, पण हॅशच्या लेखी वेगळी.

कॉलम क्रमांक चार बाइटचा केला. पोस्टग्रेसच्या 'ऑब्जेक्टअ‍ॅड्रेस'मध्येही तो चारच बाइटचा आहे. वर मेमसेटने शून्यही भरतो. आता त्याची गरज नाही, पण उद्या कोणीतरी की-मध्ये आणखी काही घुसडणारच.

३० जुलै

आठवड्याचा सगळ्यात जड भाग: शिळं लेबल.

कॅशे आता वेगाने चालतो. एका कनेक्शनवरची पहिली क्वेरी ६३ स्कॅन, पुढच्या सगळ्या शून्य. मग पीएसक्यूएलच्या (पोस्टग्रेसला हाताने कमांड द्यायचं साधन) दोन खिडक्या उघडल्या, म्हणजे दोन वेगळी सेशन. एकीत एका कॉलमची पातळी १ वरून ३ केली. दुसरीत पातळी १ चा युजर त्या कॉलमचा डेटा निवांत वाचत राहिला. वेग आला आणि सुरक्षा गेली.

माझा हिशोब असा होता: रिलकॅशेचा (पोस्टग्रेसचा टेबलांच्या माहितीचा कॅशे) कॉलबॅक (बदल झाला की बोलावलं जाणारं आपलं फंक्शन) नोंदवायचा, टेबलमध्ये काही बदललं की पोस्टग्रेस सगळ्या प्रोसेसना निरोप धाडतंच, निरोप आला की त्या टेबलच्या नोंदी पुसायच्या. 'ऑल्टर टेबल'ला हे बरोबर चाललं. लेबल बदलल्यावर कॉलबॅकला पत्ताच नाही.

कारण 'रिलेशनइनव्हॅलिडेट्सस्नॅपशॉट्सओन्ली' या लांबलचक नावाच्या फंक्शनमध्ये आहे. तिथे मोजक्या कॅटलॉगांची यादी आहे आणि 'पीजी_सेकलेबल' त्यात बसलेलं आहे. या कॅटलॉगांत बदल झाला तर फक्त कॅटलॉगचा स्नॅपशॉट (वाचताना धरलेलं त्या क्षणाचं चित्र) जुना झाल्याचा निरोप जातो. सिस्कॅशेचा नाही, रिलकॅशेचा नाही. त्यांच्या बाजूने बरोबरच आहे. जिथे कॅशेच नाही तिथे कोणाला कळवायचं? कॅशे आपण घातला, तर कळवायची जबाबदारीही आपलीच.

पहिला उपाय: लेबल बदलताना आमच्या प्रोव्हायडरच्या, म्हणजे मॉड्यूलच्या, हुकला बोलावणं येतं, तिथेच हॅश पुसून टाकला. फक्त त्याच सेशनचा हॅश पुसला गेला. वर ट्रान्झॅक्शन रद्द (रोलबॅक) केली तर कॅशेत रद्द झालेलं लेबल राहून गेलं.

दुसरा उपाय टिकला. हुकमध्ये हॅशला हात लावायचाच नाही. त्या टेबलसाठी 'कॅशेइनव्हॅलिडेटरिलकॅशेबायरिलआयडी' एवढंच बोलवायचं. म्हणजे टेबल बदलल्याची आवई आपणच उठवायची. पुढचं पोस्टग्रेस सांभाळतं. कमांड संपली की आपल्याच सेशनमध्ये कॉलबॅक. कमिट झालं की बाकीच्यांना निरोप. रोलबॅक झालं तर आपल्या सेशनमध्ये पुन्हा एकदा कॉलबॅक, त्यामुळे रद्द झालेलं लेबलही पुसलं जातं. हुक प्रत्यक्ष लेबल लिहिण्याआधी चालतो, म्हणून आधी धाकधूक होती, पण निरोप रांगेत उभा असतो, कमांड संपेपर्यंत जात नाही. बिगिन, लेबल बदल, सिलेक्ट, रोलबॅक, परत सिलेक्ट असं करून खात्री केली.

एक फट राहतेच. 'सिक्युरिटी लेबल' कमांड जो लॉक घेते त्याने वाचणारे अडत नाहीत. आधीच सुरू झालेली क्वेरी जुन्या पातळीवरच पूर्ण होते, आणि कमिट व निरोप यांच्या मध्ये क्षणभराचं अंतर असतं. पातळी उतरवताना याने बिघडत नाही, फार तर कोणाला थोडा वेळ नकार मिळेल. चढवताना मात्र ती गळती आहे. म्हणून चढवायची असेल तर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आधी 'लॉक टेबल' ॲक्सेस एक्स्क्लुसिव्ह मोडमध्ये, मग लेबल. तसं ऑपरेशनच्या पानावर लिहून ठेवलं.

कॅशेचा आवाका टेबल आणि कॉलमपुरताच ठेवला. फंक्शन आणि स्कीमाच्या लेबलांना ही रिलकॅशेची युक्ती लागू पडत नाही. त्यांची लेबलं थेट कॅटलॉगमधूनच वाचतो, आणि त्यांचा ताण जाणवण्याइतका नाही.

४ ऑगस्ट

आमच्या मॅडमनी कोड वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "कॉलबॅकला टेबलचा ओआयडी शून्य आला तर काय करतोस?"

काही करत नव्हतो. शून्य ओआयडीच्या नोंदी शोधायचो, एकही मिळायची नाही, परत फिरायचो.

शून्याचा अर्थ 'सगळंच जुनं समजा'. निरोपांची सामायिक रांग ४०९६ चीच आहे. एखादं कनेक्शन निरोप वाचण्यात मागे पडलं आणि मधल्या काळात इतरांनी भरमसाट टेबलं बनवली-मोडली, तर त्याचे निरोप वाहून जातात. मग त्याला सुटे निरोप मिळत नाहीत, 'सगळं टाका' एवढंच कळतं. आमच्या मॉड्यूलने ते ऐकून सोडून दिलं असतं.

करूनही बघितलं. एक सेशन लेबल वाचून स्वस्थ बसलं. दुसऱ्यात लूपमध्ये टेंपररी टेबलं बनवून टाकत राहिलो आणि मध्येच लेबल चढवलं. पहिल्या सेशनला परतल्यावर जुनीच पातळी. मॅडमच्या प्रश्नाबरहुकूम. ग्राहकाचं रात्रीचं बॅच काम टेंपररी टेबलांवरच उभं आहे, म्हणजे हे प्रॉडक्शनमध्ये आज ना उद्या झालंच असतं.

दुरुस्ती दोन ओळींची: शून्य आला तर आख्खा हॅश रिकामा. ही चाचणी कायमच्या संचात टाकली.

८ ऑगस्ट

आणखी एक बारीक जागा. लेबल आणायला कॅटलॉग उघडताना लॉक घ्यावा लागतो, आणि लॉक घेताना पोस्टग्रेस साचलेले निरोप वाचून घेतं. म्हणजे आपण लेबल शोधत असताना अधेमधे आपलाच कॉलबॅक चालू शकतो. माझं कोड आधी हॅशमध्ये रिकामी नोंद करायचं, मग लेबल आणून त्यात भरायचं. मधल्या मध्ये कॉलबॅकने ती नोंद काढून टाकली तर आपण मोकळ्या झालेल्या जागेत लिहितो.

क्रम उलटा केला: आधी लेबल आणा, मग नोंद करा. सोबत एक पिढीचा आकडा ठेवला. कॉलबॅक चालला की तो एकने वाढतो. लेबल आणायच्या आधीचा आणि नंतरचा आकडा वेगळा निघाला तर लेबल वापरायचं, पण साठवायचं नाही. पुढच्या वेळी पुन्हा शोधू.

हे हाताने घडवून आणणं जवळपास अशक्य. ॲसर्टच्या बिल्डवर 'डीबग_डिस्कार्ड_कॅशेस' १ केलं की पोस्टग्रेस संधी मिळेल तिथे कॅशे फेकून देतं. चाचण्या गोगलगायीसारख्या नाही, त्याहून सावकाश चालतात. रात्री लावून घरी गेलो. जुन्या क्रमाचं कोड काही मिनिटांत कोसळलेलं, नव्या क्रमाचं सकाळपर्यंत तग धरून होतं.

कॉलबॅकबद्दल आणखी एक: ट्रान्झॅक्शन मोडीत निघतानाही तो चालतो, त्यामुळे त्यात कॅटलॉग वाचायचा नाही आणि एरर फेकायची नाही. पुसा आणि निघा.

१२ ऑगस्ट

स्टेजिंगवर (प्रॉडक्शनआधीच्या चाचणीच्या सर्व्हरवर) टाकलं. फरक शून्य.

पीजीबेंचवर (पोस्टग्रेसचं वेग मोजायचं साधन) स्क्रीनची क्वेरी इतकी सुधारली होती की मी ग्राहकाच्या साहेबांना "आता बघाच" असं सांगून मोकळा झालो होतो. स्टेजिंगवर स्कॅनचा आकडा पहिल्यासारखाच ६३-६३ ने चढत होता.

ॲप प्रत्येक विनंतीला नवं कनेक्शन उघडतं. आमचा कॅशे त्या-त्या प्रोसेसच्या पोटात असतो. नवं कनेक्शन म्हणजे नवी प्रोसेस, रिकामा कॅशे, एक क्वेरी, आणि प्रोसेस खलास. पीजीबेंचला 'वजा मोठा सी' पर्याय दिला की तेही प्रत्येक ट्रान्झॅक्शनला नवं कनेक्शन घेतं. तसं चालवल्यावर तिथेही कॅशेचा फायदा गायब झाला. ही चाचणी पहिल्याच दिवशी घेतली तर पुढचा बराच घोळ वाचतो.

मग बैठकीत अपेक्षित सूचना आली: कॅशे शेअर्ड मेमरीत ठेवा, सगळ्यांना कामी येईल. मी विरोध केला. लेबल ट्रान्झॅक्शनमध्ये बदलतं. एकाने बदललेलं पण कमिट न केलेलं लेबल दुसऱ्याला दिसता कामा नये, आणि बदलणाऱ्याला स्वतःला मात्र दिसलं पाहिजे. शेअर्ड मेमरीत हे सांभाळायचं तर एमव्हीसीसी (कोणत्या ट्रान्झॅक्शनला कुठली आवृत्ती दिसावी हे ठरवणारी पोस्टग्रेसची यंत्रणा) नव्याने लिहिल्यासारखं होतं. सुरक्षेच्या कोडमध्ये इतकी हुशारी मला नको आहे.

मधे पीजीबाउंसर बसवला, म्हणजे उघडी कनेक्शनं धरून ठेवून ॲपला तीच पुन्हापुन्हा देणारा मध्यस्थ. तो युजर आणि डेटाबेसच्या जोडीनुसार वेगळा पूल ठेवतो, आणि आमची पातळी लॉगिनच्या युजरवरून ठरते, म्हणून सरमिसळ होत नाही. तुमच्याकडे सगळं ॲप एकाच डेटाबेस युजरने येत असेल तर हा मार्ग घेण्याआधी दहादा विचार करा. 'सर्व्हर_आयडल_टाइमआउट' मूळचा ६०० सेकंद असतो. दुपारी गर्दी ओसरली की कनेक्शनं बंद पडून कॅशे पुन्हा थंड होत होते, तो वाढवला. 'सर्व्हर_लाइफटाइम'चा एक तास तसाच ठेवला. तासाला एकदा ६३ स्कॅन कोणालाही परवडतात.

महिन्याच्या मोठ्या रिपोर्टमध्ये पॅरलल वर्कर (एकाच क्वेरीचं काम वाटून घेणाऱ्या जोड-प्रोसेस) निघतात. प्रत्येक वर्कर ही नवी प्रोसेस असल्याने ती परवानगी तपासणी पुन्हा सगळी करते, तीही रिकाम्या कॅशेवर. मुख्य प्रोसेसने तीच तपासणी आधीच केलेली असते, तेव्हा वर्करमध्ये ती वगळावी असं माझं मत. मॅडमचं मत, वगळू नये, तो वेळ रिपोर्टच्या वेळेपुढे काहीच नाही. मोजल्यावर त्या बरोबर निघाल्या. वगळलं नाही.

१९ ऑगस्ट

कालपासून पाऊस, आज मध्य आणि हार्बर दोन्ही ठप्प. अंधेरीचं ऑफिस रिकामं, सगळे घरून. स्टँडबायची (प्रायमरीची, म्हणजे मुख्य सर्व्हरची, सतत ताजी होणारी प्रत) चाचणी राहिली होती, ती आज घेतली.

ग्राहकाचे एमआयएस रिपोर्ट स्टँडबाय सर्व्हरवरून निघतात. लेबल बदलतं प्रायमरीवर. स्टँडबायवरच्या सेशनना कोण कळवणार, ही शंका होती. इथे हुकचा मार्ग निवडल्याचं चीज झालं: रिलकॅशेचे निरोप कमिटच्या वॉल (बदलांची नोंदवही) रेकॉर्डमधूनच जातात आणि स्टँडबाय तो रेकॉर्ड चालवताना आपल्या सेशनना ते वाटतं. प्रायमरीवर पातळी चढवली, स्टँडबायवरच्या आधीपासून उघड्या सेशनला पुढच्याच क्वेरीत नकार मिळाला. स्टँडबाय मागे पडलेला असेल तेवढा वेळ जुनी पातळी चालते, पण तिथे तेव्हा लेबलच जुनं असतं, कॅशेचा त्यात दोष नाही.

दुपारी दोनदा वीज गेली. तिसऱ्यांदा चाचणी लावायला धीर झाला नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

प्रॉडक्शनवर गेलं, काल रात्री. बुधवारी गणपती, सोमवारपासून अर्धी टीम कोकणात, म्हणून त्याआधीच उरकलं आणि सर्व्हरजवळ दोघं थांबणार आहोत.

सकाळच्या गर्दीत 'पीजी_सेकलेबल'चे स्कॅन जवळजवळ सपाट. स्क्रीन मॉड्यूल नसताना जशी पळायची तशी पळते आहे. कॅशेची मेमरी प्रत्येक कनेक्शनमागे काही केबी, त्याला मर्यादा घालावी असं वाटलं नाही. लेबल लागलेली टेबलं शेकड्यात गेली तर घालावी लागेल.

खर्च: चाचणीसाठी भाड्याने घेतलेल्या मशीनचे साडेचार हजारांच्या आसपास, त्यातला बराचसा रात्रभर चाललेल्या 'डिस्कार्ड' चाचण्यांचा. पीजीबाउंसरसाठी वेगळं मशीन घेतलं नाही, ॲपच्याच सर्व्हरवर बसवला. वेळेचा निम्मा हिस्सा ३० जुलै आणि ४ ऑगस्टच्या नोंदींनी खाल्ला. प्रत्यक्ष कॅशेचं कोड दीडशे ओळींच्या आत आहे.

उघडी राहिलेली एक गोष्ट: कोणी सुपरयुजरने 'पीजी_सेकलेबल'मध्ये हाताने अपडेट मारला तर हुक चालणार नाही, निरोप जाणार नाही, आणि उघडी कनेक्शनं जुनंच लेबल धरून बसतील. त्याला कोडमध्ये उपाय नाही. ग्राहकाच्या साहेबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, मार्चमध्ये एकदा तसं केलं होतं. आता तसं करावंच लागलं तर पाठोपाठ पीजीबाउंसरला 'रिकनेक्ट' द्यायचं, आणि बाउंसरला वळसा घालून थेट जोडलेली कनेक्शनं हाताने बंद करायची, असं त्यांच्या पानावर घातलं आहे.